दुसरी तार म्हणजे ताईत नव्हे

मंडपात, नाट्यगृहात किंवा लग्नाच्या हॉलमध्ये डोक्यावर टांगलेल्या दिव्याकडे बोट दाखवून "हा पडला तर?" असे विचारले, की लाइटवाला सांगतो, "सेफ्टी आहे ना साहेब." सेफ्टी म्हणजे दिव्याच्या क्लॅम्पखेरीज वेगळी बांधलेली दुसरी तार किंवा साखळी. क्लॅम्प निसटला तर तिने दिवा झेलायचा. पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. विचारलाच तर असा असतो: "ही तार किती वजन धरते?" उत्तर येते, "पन्नास किलो आरामात." दिवा वीस किलोचा, तार पन्नास किलोची. विचारणारा समाधानाने पुढे जातो.

माझ्या मते हे समाधान खोटे आहे आणि ते कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते. टांगलेले वजन धरणे हे एक काम आणि पडणारे वजन झेलणे हे दुसरे. पहिल्या कामाचा आकडा दुसऱ्याला लागू पडत नाही. थोडाथोडका फरक असता तर मी हा लेख लिहिला नसता. फरक वीस पट, तीस पट, कधी त्याहूनही जास्त असतो.

मी यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन काही वर्षे कार्यक्रमांचे ट्रस आणि दिवे उभारणाऱ्या ठेकेदारांकडे देखरेखीचे काम केले आहे. आमच्या भागात उरुसाच्या कव्वालीचा मंडप आणि गणपतीचा मंडप बहुधा एकच माणूस घालतो. तीच वासे-पाइपांची गाडी, तेच दिवे, तीच पोरे. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते कोणा एकाच्या उत्सवाबद्दल नाही. छप्पर एकच आहे आणि त्याखाली सगळेच बसतात.

झटका कुठून येतो

विहिरीवर पाणी शेंदलेल्या माणसाला हे गणित न शिकवता कळते. भरलेली बादली हळूहळू वर ओढताना हाताला तिचे वजन तेवढेच लागते. पण मध्येच दोर हातातून वीतभर सुटला आणि पुन्हा घट्ट पकडला, तर खांदा निखळेल की काय असा हिसका बसतो. बादली तीच, पाणी तेवढेच. मधल्या वीतभर अंतरात बादलीने वेग घेतला, आणि तो वेग थांबवण्याचे काम हातावर आले.

क्रिकेटचा झेल घेणारा मुलगाही हेच जाणतो. चेंडू हातात येताना तो हात मागे नेतो. चेंडूचा वेग तर शून्यावर आणायचाच असतो. तो जितक्या जास्त अंतरात आणला तितका मार कमी लागतो. हात ताठ ठेवले तर बोट मोडते.

दिव्याच्या सेफ्टीचे सगळे गणित या दोन उदाहरणांत आहे. किती अंतर पडला आणि किती अंतरात थांबला, एवढेच मोजायचे. पडताना दिव्यात जी ऊर्जा येते ती म्हणजे वजन गुणिले पडलेले अंतर. ती सगळी तारेने ताणले जाताना शोषायची असते. तारेतला ताण शून्यापासून वाढत जातो, म्हणून शेवटच्या क्षणाचा ताण सरासरीच्या दुप्पट धरावा लागतो. साध्या भाषेत सूत्र असे: पडलेले अंतर भागिले थांबायला लागलेले अंतर, त्यात एक मिळवा, त्याला दुपटीने आणि वजनाने गुणा. आला तो झटका.

एक उदाहरण घेऊ. बाजारात "शार्पी" या नावाने ओळखले जाणारे फिरते दिवे पंधरा ते वीस किलोच्या घरात असतात. आपण वीस किलो धरू. सेफ्टीची तार ढिली आहे, दिवा २० सेंटीमीटर पडतो आणि तार, हुक, कडी सगळे मिळून एक सेंटीमीटर ताणून त्याला थांबवतात. वीस भागिले एक म्हणजे वीस, अधिक एक म्हणजे एकवीस. दुप्पट केले, बेचाळीस. वीस किलोने गुणले की ८४० किलो. एका वीतभर ढिलाईने वीस किलोच्या दिव्याचे क्षणभर जवळजवळ साडेआठशे किलो केले.

हा एक सेंटीमीटर मी मनाने घेतलेला नाही. ४ मिलिमीटर जाडीची, ६० सेंटीमीटर लांबीची लवचिक पोलादी तार अशा झटक्याखाली साधारण तेवढीच ताणते. या तारेची तुटण्याची मर्यादा नवी असताना नऊशे-हजार किलोच्या आसपास असते. म्हणजे ती वाचेल, पण काठावर. आता त्याच तारेसाठी ढील बदलून हिशेब केला तर आकडे असे येतात. ढील २ सेंटीमीटर असेल तर झटका सुमारे २६० किलो. २० सेंटीमीटरला सुमारे ७८०. ५० सेंटीमीटरला सुमारे १२००, म्हणजे तार तुटलीच म्हणून समजा. आणि ढील शून्य असेल तर? तार ताठ आहे, क्लॅम्प एकदम सुटला, दिवा पडायला जागाच नाही. तरीही क्षणभर ४० किलो, म्हणजे वजनाच्या दुप्पट. अचानक आलेला भार दुपटीच्या खाली येत नाही.

हे आकडे एकदा पाहिल्यावर "पन्नास किलो आरामात" या उत्तराचा अर्थ कळतो. तार अगदी ताठ बांधली असेल तरच ते उत्तर कसेबसे खरे आहे. दोन बोटे ढील आली की ते खोटे झाले.

जाड तार हा उपाय नाही

हे आकडे सांगितले की ठेकेदार म्हणतो, मग दुप्पट जाड तार लावतो. बोलणे मनापासूनचे असते, पण अर्धेच बरोबर असते. जाड तार मजबूत असते हे खरे. पण ती कमी ताणते. कमी ताणली म्हणजे दिवा कमी अंतरात थांबला, म्हणजे झटका वाढला. तारेतले पोलाद दुप्पट केले तर झटका साधारण दीडपटीच्या जवळ जातो. तार स्वतः वाचेल. पण तो वाढलेला झटका तारेच्या दोन्ही टोकांना जाईल. वर पाइपला, खाली दिव्याच्या कडीला आणि मध्ये हुकाला.

आणि खरी गोम त्या टोकांशीच असते. मी पाहिलेल्या मंडपांमध्ये तार सहसा बरी असायची. तिच्या टोकाला मात्र किल्ल्यांच्या जुडग्याला लावतात तसला, कोणताही आकडा न कोरलेला कॅराबिनर असायचा. काही ठिकाणी तारेला सरळ गाठ मारलेली असायची. पोलादी तारेला गाठ मारली की तिची निम्मी ताकद तिथेच संपते. काही ठिकाणी एकच क्लिप, तीही उलटी बसवलेली. यू आकाराच्या क्लिपचा चपटा भाग भार घेणाऱ्या तारेवर बसला पाहिजे आणि यू-बोल्ट मोकळ्या शेपटावर. उलट बसवला तर बोल्ट भार घेणाऱ्या तारेलाच चेपून कमजोर करतो. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे सेफ्टीचे वरचे टोक पाइपभोवती न घेता त्याच क्लॅम्पच्या बोल्टला अडकवलेले. जो क्लॅम्प निसटण्याची भीती म्हणून दुसरी तार लावली, ती तार त्याच क्लॅम्पला बांधली, तर ती क्लॅम्पबरोबर खाली येईल.

"आम्ही दहापट सुरक्षा धरतो" हेही वाक्य अनेकदा ऐकले आहे. वीस किलोच्या दिव्याला दोनशे किलोची तार. शांत टांगलेल्या वजनासाठी दहापट हा फार चांगला हिशेब आहे. दोन सेंटीमीटर ढिलाईलाच झटका दोनशे साठ होतो, तेव्हा ती दहापट कुठे गेली? सुरक्षेचा गुणक कशाला लावला हे महत्त्वाचे. आधी झटक्याचा अंदाज करायचा आणि मग त्या अंदाजावर गुणक लावायचा. वजनावर गुणक लावून झटका विसरायचा, हा मनाचे समाधान करणारा हिशेब झाला.

मग ताणणारी दोरी का नाही?

माणूस उंचीवरून पडू नये म्हणून जो पट्टा लावतात, त्यात हा विचार आधीच केलेला आहे. पट्ट्याच्या दोरीत घडी घालून शिवलेली एक पिशवी असते. माणूस पडला की तिची शिवण उसवत जाते आणि थांबण्याचे अंतर वाढते. युरोपीय मानकात माणसाच्या शरीरावर येणारा झटका ६ किलोन्यूटनच्या, म्हणजे सुमारे सहाशे किलोच्या आत ठेवायचा असतो. गिर्यारोहकांची नायलॉनची दोरी मुद्दाम ताणणारी असते ती याचसाठी. पोलादी तारेवर झेलला गेलेला गिर्यारोहक तार न तुटताही मरू शकतो.

मग दिव्यालाही नायलॉन का लावू नये? कारण दिवा तापतो आणि नायलॉन वितळते. कारण ताणणारी दोरी दिव्याला आणखी खाली जाऊ देते, आणि खाली नटाचे डोके असते. शिवाय आग लागली तर पहिली जळणार ती दोरी. म्हणून पोलादच योग्य आहे. पण पोलाद निवडले की त्याबरोबर एक अट येते: ते ताणत नाही, तेव्हा पडण्याचे अंतर आपण कमी केले पाहिजे. दुसरा मार्ग नाही. जर्मनीतल्या नाट्यगृह व्यवसायात यासाठी सरळ दंडक आहे की सेफ्टीवर येईपर्यंत दिवा २० सेंटीमीटरपेक्षा जास्त पडता कामा नये. सेफ्टीची तार त्याच अंतराच्या झटक्यासाठी ठरवलेली असते आणि कोणत्या तारेला किती किलोचा दिवा चालेल ते तिच्यावर लिहिलेले असते. लाइटवाल्याला मंडपात उभे राहून गणित करावे लागत नाही. गणित आधीच कोणीतरी केलेले असते. त्याने फक्त आकडा वाचायचा आणि टेप लावायचा.

अचूक येत नाही म्हणून करायचेच नाही?

माझ्याबरोबर काम केलेल्या एका जाणत्या अभियंत्याचा याला आक्षेप होता, आणि तो पोकळ नव्हता. तो म्हणायचा, झटक्याचा आकडा खरा काढताच येत नाही. पाइप किती वाकेल, क्लॅम्प निसटताना किती घासेल, हुक किती उघडेल, दिवा सरळ पडेल की झोका घेत पडेल, हे आधी कोणाला ठाऊक? मग असल्या आकड्याचा उपयोग काय?

त्याचे निरीक्षण बरोबर आहे. वरच्याच उदाहरणात पाइप आणि हुक मिळून थांबण्याचे अंतर तीन सेंटीमीटर झाले, तर झटका ८४० वरून साधारण ३०० किलोवर येतो. खरा आकडा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असेल. पण यातून त्याने काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. अंदाजाचे काम नेमका आकडा देणे हे नसते. कोणती गोष्ट महत्त्वाची आणि कोणती नाही, हे अंदाज सांगतो. इथे तो स्वच्छ सांगतो की तीनशे असो वा आठशे, वीस किलोचा हिशेब दोन्ही बाजूंनी खोटा आहे. तो हेही सांगतो की ढील चौपट केली की झटका साधारण दुप्पट होतो, आणि ढील कमी करायला पैसा लागत नाही. अनिश्चितता असेल तर मोठा आकडा धरून चालायचे. आपण नेमके उलटे करतो. आकडा नक्की नाही म्हणून सर्वांत लहान आकडा, म्हणजे नुसते वजन, धरून मोकळे होतो.

दुसरा आक्षेप मला जास्त वेळा ऐकू आला: "इतकी वर्षे करतोय, कधी पडला नाही." सेफ्टीच्या तारेबद्दल हे वाक्य काहीच सिद्ध करत नाही. क्लॅम्प निसटला नाही म्हणून दिवा पडला नाही. म्हणजे तारेची परीक्षाच झालेली नाही. पुलाची परीक्षा रोज होते, लिफ्टच्या दोराची रोज होते. सेफ्टीच्या तारेची परीक्षा आयुष्यात एकदाच होते, आणि त्या वेळी खाली माणूस असतो. म्हणूनच तिच्याबाबत अनुभव उपयोगी पडत नाही. आधी केलेला हिशेबच उपयोगी पडतो.

हाँगकाँगमध्ये २८ जुलै २०२२ च्या रात्री काय झाले ते आठवून पाहा. हाँगकाँग कोलिझियममध्ये "मिरर" या गटाचा कार्यक्रम चालू होता. वर टांगलेला प्रचंड एलईडी पडदा नाचणाऱ्यांवर कोसळला आणि एक नर्तक गंभीर जखमी झाला. हजारो प्रेक्षकांसमोर ते घडले. सरकारने चौकशी लावली. धातू थकल्यामुळे एक तार तुटली होती आणि टांगलेल्या सामानाचे वजन कागदावर दाखवले होते त्याहून बरेच जास्त होते, असे त्यात निघाले. एक तार गेल्यावर उरलेला आधार पडदा झेलू शकला नाही. हा दिव्याच्या सेफ्टीचा प्रकार नव्हे, पण धडा तोच आहे. एक आधार गेला की दुसऱ्यावर नुसते वजन येत नाही, झटका येतो. आणि वजनच खोटे लिहिले असेल तर पुढचा प्रत्येक हिशेब खोटा. वजन, ढील आणि ताण या तिन्हींपैकी सर्वांत सहज मोजता येणारी गोष्ट वजन. तिथेच चोरी झाली तर बाकीचे बोलणे व्यर्थ.

खाली कोण उभे असते

हा प्रश्न तांत्रिक आहे असे म्हणून बाजूला टाकता येत नाही, कारण खाली उभी असलेली माणसे ठरलेली असतात. प्रेक्षक तीन तास बसतो आणि घरी जातो. मंडपाखाली दिवसरात्र असतात ती रोजंदारीवरची पोरे. पाइप चढवणारी, वायर ओढणारी, रात्री दोन वाजता सामान उतरवणारी. दिवा निसटण्याची शक्यता कार्यक्रम चालू असताना असते त्यापेक्षा चढवताना-उतरवताना जास्त, कारण तेव्हाच क्लॅम्प ढिले केले जातात. घाईत सेफ्टी आधी सोडली जाते आणि क्लॅम्प मागाहून. तेव्हा खाली प्रेक्षक नसतो, फोटो काढणारा नसतो, बातमी होत नाही. मालकाकडे त्यांची नावे एका वहीत असतात, कधी तीही नसतात.

आपल्याकडे रंगभूमीवर काय बोलले जाईल हे तपासणारे मंडळ आहे. नाटकाची संहिता त्याच्याकडे जाते. मंडपासाठी परवानगी मागताना मंडपाच्या मजबुतीचा दाखला मागतात, अग्निशमनाचा मागतात. ते योग्यच आहे. मात्र मी भरलेल्या किंवा पाहिलेल्या एकाही अर्जात वर काय टांगले आहे, ते किती किलोचे आहे आणि दुसरा आधार कसला आहे, असा रकाना नव्हता. शब्द तपासणाऱ्या समाजाने डोक्यावरचे वजनही तपासायला हरकत नसावी.

मला मोठा कायदा नको आहे. मोठा कायदा आला की त्याचा दाखला विकणारेही येतात. मला चार साध्या गोष्टी हव्या आहेत. पहिली, टांगलेल्या प्रत्येक वस्तूचे खरे वजन, क्लॅम्प आणि वायरसकट, एका कागदावर लिहून मंडपातच लावावे. दुसरी, सेफ्टी पाइपभोवती घेतलेली असावी आणि दिवा किती पडेल ते टेपने मोजावे. चार बोटांपेक्षा जास्त नको, आणि कोणत्याही परिस्थितीत वीतभराहून जास्त नाही. तिसरी, तार, हुक आणि कडी या तिन्हींवर बनवणाऱ्याने आकडा लिहिलेला असावा. गाठ, बाइंडिंग वायर आणि किल्ल्यांचा कॅराबिनर यांना मंडपात जागा नसावी. ज्या तारेवर प्लास्टिकचे आवरण आहे तिचा आतला गंज दिसत नाही. कोकणपट्टीच्या दमट हवेत तर ती अजिबात वापरू नये. चौथी, ज्या तारेने एकदा दिवा झेलला ती तिथल्या तिथे कापून टाकावी. ती वरून धड दिसते, पण तिने आपले काम केलेले असते. पुन्हा गाडीत गेली की पुढच्या गावच्या मंडपात ती लागणारच.

या चारही गोष्टींचा खर्च एका रात्रीच्या फटाक्यांपेक्षा कमी आहे. लागतो तो वेळ, आणि लागते ते विचारणारे कोणीतरी. उत्सव समितीत, उरूस कमिटीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात आपल्यापैकी बरेच जण असतात. ठेकेदाराशी भावाची घासाघीस आपण करतोच. त्यातच दोन प्रश्न घालावेत: वजन किती, आणि ढील किती. सुरुवातीला तो हसेल. पण गिऱ्हाईक विचारते हे कळले की पुढच्या वेळी टेप त्याच्याच खिशात असेल.

ताईत बांधून निर्धास्त होण्याची सवय आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. धर्म कोणताही असो. डोक्यावरच्या दिव्याची दुसरी तार आपण तशीच बांधतो: आहे ना, मग झाले. तार श्रद्धेने झेलत नाही. ती ताणाने झेलते, आणि तो ताण किती येईल हे मंडप उभा राहण्याआधी, जमिनीवर उभे असताना, पेन्सिलीने काढता येते.